रोजा नाही ठेवला, तर दुपारचं ताट कोण वाढणार?

*आपा, सलाम. मी सोलापुरात नई जिंदगी भागात राहते. वय 24, पाचवा महिना चालू आहे, पहिलंच बाळ. रमजान पंधरा दिवसांवर आलाय. मागच्या आठवड्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 9.1 निघालं. डॉक्टरबाईंनी लोहाच्या लाल गोळ्या रोज दोन घ्यायला सांगितल्या आणि यंदा रोजे नकोत म्हणाल्या. मिस्टर म्हणतात, त्या आपल्यातल्या नाहीत, त्यांना रोजाचं काय कळणार. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई म्हणतात, मी चारही पोरं रोजे ठेवून, विड्या वळत जन्माला घातली, मला काही झालं नाही. (थोरले दीर 29 वर्षांचे आहेत, धाकटी नणंद 21 ची.) जाऊबाईंनी दोन वर्षांपूर्वी सहाव्या महिन्यात 22 रोजे ठेवले, त्यांचं बाळ तीन किलोचं झालं. खरं सांगू? मलाही ठेवायचेत. बारा वर्षांची असल्यापासून एक रमजान चुकवला नाही. सगळे पहाटे सहरीच्या जेवणाला उठतील आणि मी अंथरुणात पडून राहीन, हे डोळ्यासमोर आलं की रडू येतं. नाही ठेवले तर गुन्हा होईल का? फिदया देऊन, म्हणजे बदल्यात गरिबाला जेवू घालून चालेल का? की एक दिवसाआड ठेवू?*

बेटा, वालेकुम सलाम.

आधी उत्तर देते, मग बोलू. यंदा रोजे ठेवू नकोस. एक दिवसाआडही नको. पोटात पाच महिन्यांचं बाळ आणि रक्त 9.1, अशा वेळी रोजा न ठेवण्यात गुन्हा नाही. फिदयाही तुझ्यासाठी नाही. हे रोजे पुढे, अंगात ताकद आल्यावर, कजा म्हणजे भरपाई म्हणून ठेवायचे. तुझ्या तीन प्रश्नांना एवढं पुरे झालं असतं. पण 'मलाही ठेवायचेत' ही तुझी ओळ वाचून मी बराच वेळ थांबले. त्या ओळीसाठी पुढचं सगळं लिहितेय.

तू म्हणतेस, एकही रमजान चुकवला नाही. बरोबर आहे. पण दर रमजानात पाळीचे चार-सहा दिवस तू रोजा ठेवला नसशीलच. ते रोजे नंतर भरून काढलेस. त्याला तुझ्या घरात कुणी गुन्हा म्हटलं का? आपल्या बायकांना कजा म्हणजे काय ते पुस्तकात वाचावं लागत नाही, बाराव्या-तेराव्या वर्षापासून ते आपल्या हिशेबात असतं. गरोदरपणाची सवलत त्याच दीनातून, धर्मातून आलेली आहे. फरक एवढाच की पाळीत रोजा ठेवताच येत नाही, गरोदरपणात ठेवायचा की नाही हे बघून ठरवावं लागतं. बघून ठरवायचं म्हटलं की घरातला प्रत्येक जण बघायला पुढे येतो, आणि जिच्या पोटात बाळ आहे तिचा नंबर शेवटी लागतो.

सूरह बकराच्या 184 आणि 185 या दोन्ही आयतींत, जो आजारी असेल किंवा प्रवासात असेल त्याने तितके दिवस नंतर पूर्ण करावेत, असं सांगितलंय. 185 मध्ये पुढे येतं की अल्लाह तुमच्यासाठी आसानी करू इच्छितो, अडचण करू इच्छित नाही. गरोदर बाईचा उल्लेख हदीसमध्ये, म्हणजे पैगंबर साहेबांच्या सांगितल्या गेलेल्या वचनांत, थेट आहे. ती हदीस मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगते. अनस बिन मालिक काबी नावाचे एक सहाबी, म्हणजे पैगंबर साहेबांचे सोबती होते (खूप हदीस सांगणारे प्रसिद्ध अनस बिन मालिक ते वेगळे). ते पैगंबर साहेबांकडे आले तेव्हा पैगंबर साहेब जेवत होते. या, जेवा, असं त्यांना म्हणाले. माझा रोजा आहे, असं यांनी सांगितलं. त्यावर पैगंबर साहेबांनी जवळ बोलावून समजावलं की अल्लाहने प्रवाशाची अर्धी नमाज कमी केली आहे, आणि प्रवाशाला, गरोदर बाईला, दूध पाजणाऱ्या बाईला रोजाची सवलत दिली आहे. हे सांगून झाल्यावर ते सहाबी स्वतःबद्दल काय म्हणतात बघ: हाय रे, त्या दिवशी त्या ताटावर मी जेवलो असतो तर! आयुष्यभर त्यांना चुटपुट राहिली ती त्या न खाल्लेल्या घासाची. तिरमिजीच्या हदीस-संग्रहात आहे ही. मिस्टरांना वाचून दाखव.

आता फिदया. आपल्याकडे सोलापुरात बहुतेक लोक हनफी आहेत. हनफी मसलकात, म्हणजे धर्मशास्त्राच्या त्या परंपरेत, गरोदर बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला अपाय होईल अशी भीती असेल, तर ती रोजा सोडू शकते आणि नंतर फक्त कजा ठेवते, एका रोजाला एक रोजा. फिदया त्याच्यासाठी, ज्याला पुन्हा कधी रोजा ठेवता येण्याची आशाच उरलेली नाही: खूप वय झालेला माणूस, बरा न होणारा आजारी. तू 24 वर्षांची आहेस. कोकणातली मंडळी शाफई असतात, त्यांच्याकडे फक्त बाळासाठी रोजा सोडला तर कजाबरोबर फिदयाही सांगतात. त्यामुळे कुणा कोकणातल्या मैत्रिणीने वेगळं सांगितलं तर गोंधळू नकोस. ज्यांच्यामागे तुमचं घर चालतं त्या मौलानांना किंवा मुफ्तींना मिस्टरांनी जरूर विचारावं. पण विचारायला जाताना रक्ताचा रिपोर्ट खिशात घेऊन जावं. 'बायको गरोदर आहे, रोजा ठेवावा का' हा एक प्रश्न झाला. 'पाचवा महिना, हिमोग्लोबिन 9.1, डॉक्टरांनी मना केलंय' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर घेऊन येऊन ते दुसऱ्याला लावायचं, असं मी कितीतरी घरांत पाहिलंय.

'आपल्यातल्या नाहीत' या बोलण्यावर मी रागावणार नाही, कारण त्यामागे खरंच एक मसला आहे. फिकहच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या जुन्या किताबांत, रोजा सोडायला सांगणारा हकीम मुसलमान, दीनदार आणि हुशार असावा, असं लिहिलेलं आहे. मिस्टरांच्या कानावर ते कुठल्या तरी बयानात आलं असणार. मग सोपं आहे. सोलापुरात मुसलमान स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. हाच कागद घेऊन त्यांच्यापैकी एकीकडे जा. रमजान लागायच्या आत जा, म्हणजे पहिल्या सहरीच्या रात्री घरात वाद नको. काय सांगतील ते मला ठाऊक आहे, कारण 9.1 ला 9.1 च म्हणतात. पण मिस्टरांचं मन शांत होणार असेल तर एक फेरी आणि तपासणीची फी ही काही मोठी किंमत नाही.

मी तीस वर्षं प्रसूतिगृहात सिस्टर होते, म्हणून या 9.1 बद्दल जरा बोलते. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. 7 ते 9.9 म्हणजे मध्यम. तू त्यात आहेस. तू एकटी नाहीस. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांचं रक्त कमी निघालं, म्हणजे दोघींत एक. त्यामुळेच तर घरात कुणाला ते आजार वाटत नाही. 'सगळ्यांचंच कमी असतं' म्हणून सोडून देतात. पण बाळंतपणात रक्त जातं ते सगळ्यांचंच जातं. ज्या बाईकडे आधीच शिल्लक कमी, तिला ते झेपत नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. तुला घाबरवायचं नाही म्हणून इतकंच.

तुझ्या हातात आता चार-साडेचार महिने आहेत. गोळ्या नीट लागू पडल्या तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वर येतं. म्हणजे जूनअखेरीपर्यंत तू 11 च्या पुढे जाऊ शकतेस. त्यासाठी हाच महिना लागणार आहे. रोज दोन लाल गोळ्या, शिवाय कॅल्शियमच्या वेगळ्या. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, मध्ये दोन तासांचं अंतर हवं. आता रमजानातली संध्याकाळ डोळ्यासमोर आण. मगरिबची अजान, खजूर, सरबत, भजी, लगेच चहा, मग नमाज, मग जेवण, तरावीहची नमाज, झोप, आणि पहाटे अर्धवट झोपेत सहरी. यात त्या गोळ्या कुठे बसवणार? बायका मुठीत सगळ्या गोळ्या घेऊन चहाच्या घोटाबरोबर गिळतात. मग मळमळतं, मग चार दिवसांनी बंद. रमजान संपल्यावर हिमोग्लोबिन होतं तिथेच, कधी त्याहून खाली. रोजाचे तेरा तास हा एक भाग झाला. गोळ्यांचा बुडालेला महिना हा दुसरा, आणि तो कुणी मोजत नाही.

उपाशीपणाचंही सांगते. गरोदर बाईचं शरीर उपाशी राहिलं की इतरांपेक्षा लवकर साखर उतरते आणि साठवलेली चरबी जाळायला घेतं. रात्रभराचा उपास करून सकाळचा नाश्ता चुकला तरी रक्तात तो बदल दिसतो. तब्येतीने धडधाकट बाई हे सोसू शकते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात 22 अभ्यास आणि 31 हजारांहून जास्त गर्भारपणं तपासली होती. रोजे ठेवणाऱ्या निरोगी बायकांची बाळं कमी वजनाची झाली किंवा दिवस भरायच्या आधी झाली, असं त्यात आढळलं नाही. वारेचं वजन मात्र थोडं कमी दिसलं, आणि बाळावरच्या बाकीच्या परिणामांबद्दल ठाम बोलावं इतका पुरावा नाही, असंही त्यातच म्हटलंय. मी हे तुझ्यापासून लपवणार नाही, कारण जाऊबाईंचं तीन किलोचं बाळ खोटं नाही. पण तो आढावा निरोगी बायकांबद्दल आहे. जाऊबाईंना एकदा विचार, तेव्हा त्यांचं हिमोग्लोबिन किती होतं? माता बाल संरक्षण कार्डावर लिहिलेलं असेल. साडेअकरा-बारा असेल तर त्यांचा रस्ता वेगळा होता. आणि 9 असेल, तर बाळ तीन किलोचं झालं याबद्दल अल्लाहचे आभार मानायचे. त्याच्यावरून पुढचीने हिंमत करायची नसते.

आता अम्मी. त्यांच्या बोलण्याला 'तुमचा जमाना वेगळा' म्हणून उडवून लावू नकोस. त्यांचं खरंच तसं झालं असणार. फक्त एक हिशेब त्यांच्यासमोर मांड. थोरले दीर 29 चे, धाकटी नणंद 21 ची, म्हणजे अम्मींची चार गर्भारपणं साधारण 1996 ते 2004 मधली. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. 1996 ला तो जानेवारीच्या शेवटाला लागला होता, 1998 ला डिसेंबरात, 2001 ला नोव्हेंबरात, 2004 ला ऑक्टोबरच्या मध्यावर. अम्मींचे पोटुशेपणातले रोजे बहुतेक सगळे सोलापूरच्या थंडीतले होते, ज्या दिवसांत आपण सुती चादरीवर चादर घेऊन झोपतो. यंदाचा, 2026 चा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात लागून मार्चात जाणार. मार्चमध्ये सोलापूरचं ऊन काय असतं ते नई जिंदगीतल्या पत्र्याखाली राहणाऱ्याला मी सांगायची गरज नाही. शिवाय अम्मींचं रक्त त्या वेळी किती होतं, हे त्यांनाही माहीत नसेल. तपासलं कुणी होतं?

माझी स्वतःची गोष्ट ऐक. 1987 साली रमजान मे महिन्यात होता. मला सातवा महिना, पहिलं बाळ, नवी नोकरी. दिवसभर दुसऱ्यांच्या बायकांना 'पाणी प्या, वेळेवर जेवा' सांगायची आणि स्वतः रोजा. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. तुझ्यासारखंच, मलाच ठेवायचे होते. अठरा रोजे झाले. एकोणिसाव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पोट दगडासारखं घट्ट व्हायला लागलं. थोड्या थोड्या वेळाने येऊन जायचं. कळा आहेत हे मला कळत होतं, दुसऱ्या कुणाच्या असत्या तर एका मिनिटात सांगितलं असतं. पण मी घड्याळाकडे बघत होते, अजून चार तास, एवढं निघेल. आमच्या मोठ्या सिस्टरांनी मला बाकावर वाकलेली पाहिलं आणि ग्लासभर पाणी पुढे केलं. मी तोंड फिरवलं. त्या काही बोलल्या नाहीत, ग्लास धरून तशाच उभ्या राहिल्या. शेवटी मी प्याले. सलाईन लावलं, रात्रीपर्यंत पोट सैल झालं, आणि अल्लाहच्या मेहेरबानीने मुलगी दिवस भरूनच झाली. ती चार तास घड्याळ बघणारी मी आठवली की अजून अंगावर काटा येतो. बाळ कुणाचं पणाला लावलं होतं मी?

घरी आल्यावर रडले, की रोजा तोडला. माझी नानी म्हणाली, संध्याकाळी खजूर खाऊन आपण रोजा सोडतो ना, तसाच तुझा आज तीन वाजता सुटला, तोडला कुठे? फिकहच्या दृष्टीनेही ते तसंच आहे. कारण असताना रोजा मध्येच सोडला तर फक्त त्या एका रोजाची कजा असते. मुद्दाम, कारणाशिवाय मोडला तर साठ रोजांचा कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त, ती गोष्ट निराळी.

पण नानीची मला आठवण राहिली ती दुसऱ्या कारणाने. दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी साडेबाराला, स्वतःचा रोजा असताना, माझ्यासाठी ताट वाढायची. पुढच्या खोलीत, दार उघडं ठेवून. गरम भाकरी, मसूर, कांदा, वर लिंबू. मी म्हणायची, नानी, आत घेते ना, लोक बघतील. ती म्हणायची, बघू दे.

बेटा, खरं दुखणं मला इथे दिसतं. रोजा ठेवायचा नाही असं ठरलं, मौलानांनी हो म्हटलं, डॉक्टरांनी हो म्हटलं. पण रमजानात आपल्या घरांत चूल पेटते पहाटे आणि मग थेट असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर. मधल्या वेळात घरात खायला काय असतं? सहरीची उरलेली चपाती. पोटुशी बाई ती सुद्धा मोरीच्या कोपऱ्यात उभी राहून, पाठ करून खाते. पाळीतही आपण तेच करतो, दिरांना, सासऱ्यांना कळू नये म्हणून. एक-दोन दिवस ते चालून जातं. तीस दिवस गरोदर बाई अशी राहिली तर तिचा रोजाही नाही आणि जेवणही नाही, दोन्हीकडून गेली. मी प्रसूतिगृहात रमजानात 'रोजा नाही' म्हणणाऱ्या बायकांना पुढचा प्रश्न नेहमी विचारायची: मग आज दुपारी काय खाल्लं? उत्तर देताना बहुतेकींची मान खाली जायची.

म्हणून रोजाचा निर्णय झाला की त्याच बैठकीत दुपारच्या ताटाचा निर्णय करून घे. सहरीच्या वेळी दोन भाकरी जास्त पडल्या, वरण जास्त झालं, पालेभाजी निवडून ठेवली, अंडी उकडून ठेवली, की दुपारी तुला फक्त गरम करायचं राहतं. शेंगांची चटणी आणि दही घरात असतंच. जेवणानंतर दोन तासांनी एक लाल गोळी लिंबूपाण्याबरोबर. चार वाजता मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा फळ. दुसरी लाल गोळी रात्री जेवल्यावर दोन तासांनी, आणि चहा त्यापासून दूर. कॅल्शियमच्या गोळ्या सकाळी नाश्त्यानंतर आणि दुपारच्या जेवणाबरोबर बसतात. पाणी उशाशी, हाताशी ठेव, कुणासमोर पिऊ म्हणून संध्याकाळची वाट बघायची नाही. रोजेदारासमोर खाणं बरं वाटत नाही हे मी समजू शकते. दार लावून घे हवं तर, पण बसून, ताटात वाढून घेऊन खा.

विड्यांबद्दलही लिहायला हवं, कारण तू लिहिलं नाहीस, पण अम्मी वळायच्या म्हणतेस तर घरात सूप-पानं आहेत आणि तुझ्याही मांडीवर सूप येत असणार. तंबाखूची धूळ श्वासातून आणि हातातून आत जाते, तिचं पोटातल्या बाळाला चांगलं काही नाही. पूर्ण बंद करणं घरखर्चाला परवडणार नसेल तर निदान या महिन्यांत तुझ्याकडे पानं कापण्याचं काम द्या, तंबाखू भरण्याचं नको. काम झालं की साबणाने हात धुतल्याशिवाय घास नाही.

सहरीचं रडू. उठ ना बेटा, कोण अडवतंय! सगळ्यांबरोबर उठ, बस, चार घास खा, दुआ कर, फज्रची नमाज पढ. उभं राहवत नसेल तर बसून पढ, तीही सवलत आहे. मग झोप. कुराण वाचायला, तस्बीहला, शबे कद्रच्या पवित्र रात्री जागायला रोजाची अट नाही. रोजेदाराला इफ्तार देणाऱ्याला त्याच्याइतकाच सवाब, पुण्य मिळतं आणि रोजेदाराचा काही कमी होत नाही, अशी हदीस आहे. रोज संध्याकाळी गल्लीतल्या एखाद्या एकट्या म्हातारीला तुझ्या हातची वाटी पाठव. विजापूर वेशीतल्या गर्दीत मात्र यंदा खरेदीला जाऊ नकोस. ते धक्के तुला नकोत.

कजा साठतील याची धास्ती तुला असणार, कारण पुढच्या रमजानात बाळ अंगावर पीत असेल. तेव्हाही तुझी आणि बाळाची तब्येत बघूनच ठरवायचं. तीस रोजे सलग ठेवावे लागत नाहीत. सोमवार-गुरुवार असे आठवड्याला दोन धरलेस तर पंधरा आठवड्यांत संपतात. बाळ वरचं खायला लागलं, रक्त भरलं, की एखाद्या हिवाळ्यात सुरू कर. डिसेंबरातला दिवस मार्चपेक्षा पाऊण-एक तासाने लहान असतो आणि घसा कोरडा पडत नाही. माझे 1987 चे राहिलेले रोजे मी मुलगी दीड वर्षाची झाल्यावर थंडीत पूर्ण केले. नानी प्रत्येक वेळी माझ्याबरोबर सहरीला उठली.

ज्यांचं रक्त 11 च्या वर आहे, ज्यांना साखर, बीपी, जुळं, आधीचं अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण यातलं काही नाही, अशा वाचकांपैकी कुणी मधल्या तीन महिन्यांत रोजा ठेवू बघत असेल, तर तिने डॉक्टरांना विचारून एखादा ठेवून पाहावा, आणि शरीर काय म्हणतं ते ऐकावं. डोळ्यांपुढे अंधारी, लघवी कमी आणि गडद, पोट घट्ट होऊन सैल होणं, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर मगरिबची वाट बघायची नाही, तिथेच पाणी प्यायचं, खायचं आणि दवाखान्यात कळवायचं. रक्त किंवा पाणी जायला लागलं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे धूसर झालं, तर रोजा असो नसो, 108 ला फोन. हे तुझ्यासाठीही आहे, बेटा.

शेवटचं अम्मींसाठी, त्यांना वाचून दाखव. अम्मी, तुम्ही चार बाळंतपणं निभावलीत, विड्या वळून घर चालवलंत, याची मला कदर आहे. तुमच्या सुनेचा रोजा यंदा नाही. तिच्या दुपारच्या ताटाचं मात्र घरात तुम्हीच ठरवू शकता. ती स्वतः वाढून घेईल तर चोरासारखं खाईल. तुम्ही वाढलंत तर पोटभर खाईल.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची तज्ज्ञ डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. 9 मार्च रमजानातच येतो. त्या दिवशी रक्त पुन्हा तपासून घे. आकडा वर सरकला नसेल तर लोहाच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचार. जो आकडा येईल तो मला कळव, आणि त्या दिवशी दुपारी काय जेवलीस तेही.